ट्रॉलीत बसलेल्या मजुराची नोंद कोणत्या कागदावर?

४ एप्रिल २०२५ च्या सकाळी नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात मजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह पाण्याने भरलेल्या विहिरीत कोसळला. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील गुंज गावच्या या महिला हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. सात जणी बुडून मेल्या, तिघांना बाहेर काढता आले. पंतप्रधानांच्या निधीतून प्रत्येकी २ लाख आणि राज्य सरकारकडून प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर झाले. नेहमीप्रमाणे हळहळ व्यक्त झाली आणि नेहमीप्रमाणे विषय मागे पडला.

ही मदत कोणी नाकारावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिला सरकारी भाषेत काय म्हणतात ते वाचकांनी लक्षात घ्यावे. तिला 'सानुग्रह' मदत म्हणतात. अनुग्रह म्हणजे कृपा. कृपा करणाऱ्याच्या मनात आले तर होते, नाही आले तर होत नाही. सात माणसे एकदम मेली की मंत्री बोलतात. एक बाई मडगार्डवरून घसरून चाकाखाली गेली तर तलाठीसुद्धा फिरकत नाही. मग त्या एकट्या बाईच्या लेकरांनी कोणाकडे पाहायचे? आमचे उत्तर स्पष्ट आहे. त्यांनी कृपेकडे न पाहता कायद्याकडे पाहावे. आणि कायदा त्यांच्या बाजूने उभा राहावा यासाठी जे कागद लागतात, ते अपघाताच्या आधी तयार असले पाहिजेत. आज आम्हाला एवढेच सांगायचे आहे, पण ते सविस्तर सांगणे भाग आहे.

मुळात ट्रॅक्टर म्हणजे काय? शेतात तो अवजार आहे. पण बांध ओलांडून डांबरी रस्त्यावर त्याचे चाक लागले की तो मोटार वाहन अधिनियम १९८८ खालचे वाहन होतो. स्वतःवर माल वाहून नेण्यासाठी न बनवलेले वाहन, अशीच या कायद्याने ट्रॅक्टरची व्याख्या केली आहे. त्याची नोंदणी हवी, तिसऱ्या पक्षाचा विमा हवा, चालकाकडे परवाना हवा. ट्रॉली हे कायद्याच्या दृष्टीने वेगळे वाहन आहे, तिला स्वतःची नोंदणी लागते. ट्रॅक्टरवर एकच आसन असते, ते चालकाचे. ट्रॉलीत तर एकही आसन नसते, कारण ती मालासाठी आहे. याचा अर्थ असा की मडगार्डवर बसलेला मजूर आणि ट्रॉलीत उभी असलेली बाई यांची जागा कायद्याच्या कोणत्याच रकान्यात नाही. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांना वाहनाच्या कागदानेही बाहेरच ठेवले आहे.

ट्रॉलीत कोण बसते, हे मराठवाड्यात सांगायची गरज नाही. ट्रॅक्टर ज्याच्या वाड्यात उभा असतो तो जमिनीचा मालक असतो. ट्रॉलीत बसणारा बहुधा भूमिहीन असतो. पैठण, गंगापूर, कन्नड, वैजापूर या आपल्या तालुक्यांत कापूस वेचणीला, आल्याच्या काढणीला, कांद्याच्या लागवडीला बाया ट्रॉलीतूनच जातात. दिवाळी झाली की बीड, जालना आणि आपल्या जिल्ह्यातील हजारो जोडपी कोयता घेऊन निघतात. संसार, लेकरे, शेळी, सरपण सगळे एकाच ट्रॉलीत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे 'या गाडीत बसणार नाही' म्हणण्याची सोय नसते. तोडणी झाली की तेच लोक उसाच्या मोळ्यांवर बसून पुढच्या फडाकडे निघतात. मार्च २०२५ मध्ये कन्नड तालुक्यातील पिशोर घाटात उसाचा ट्रक उलटला आणि उसावर बसलेले मजूर त्याच उसाखाली दबून मेले. तो ट्रक होता, ट्रॅक्टर नव्हता. पण मालावर माणूस बसवण्याची रीत तीच.

आता अपघात झाल्यावर न्यायाधिकरणात काय होते ते पाहू. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर मजुराची विधवा उभी राहते तेव्हा विमा कंपनीचा वकील तिच्या दुःखाबद्दल काही विचारत नाही. तो पाच प्रश्न विचारतो. चालकाकडे परवाना होता काय? ट्रॉलीची नोंदणी आणि विमा होता काय? ट्रॅक्टर शेतीच्याच कामावर होता काय? मृत व्यक्ती गाडीवर कोणत्या नात्याने बसली होती? अपघात सार्वजनिक जागेत झाला काय? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्या विधवेच्या हातात नसते. सगळी उत्तरे मालकाच्या कपाटात असतात.

आणि कंपनीचा वकील हवेत बोलत नसतो. मालवाहू वाहनात फुकट किंवा पैसे देऊन बसलेल्या उतारूंची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात सांगितले. २००७ मध्ये ब्रिजमोहन प्रकरण आले. त्यातला मजूर वीटभट्टीकडे माती नेणाऱ्या ट्रॉलीवरून पडला आणि चाकाखाली आला. ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामापुरता होता आणि ट्रॉलीचा विमाच नव्हता. कंपनी जबाबदार नाही, असे न्यायालयाने मानले. मात्र तो गरीब मजूर आहे हे पाहून, आपला विशेष अधिकार वापरून, कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत असा हुकूम दिला. त्या मजुराला दिल्लीपर्यंत जावे लागले तेव्हा हे मिळाले. आपल्या गावातली किती माणसे दिल्लीपर्यंत जाऊ शकतात?

काही जण म्हणतील, हा कायदाच गरिबाच्या विरोधात आहे. आम्हाला हे पूर्ण मान्य नाही. विमा कंपनी सुटली तरी मालक सुटत नाही. भरपाईची पहिली जबाबदारी त्याचीच असते. अडचण अशी की एकट्या मालकाकडून वसुली करताना वर्षे जातात, जमीन भावाच्या नावावर निघते, ट्रॅक्टर फायनान्स कंपनीचा निघतो. म्हणून विम्याचा कागद पक्का असणे हे मजुराइतकेच मालकाच्याही हिताचे आहे. मजूर आणि हमालांची जबाबदारी थोडा जादा हप्ता भरून पॉलिसीत घेता येते. तो हप्ता वाचवणारा शेतकरी एका अपघातात शेत गमावून बसतो. ट्रॅक्टरवाल्या शेतकरी बांधवांशी आमचे वैर नाही. त्यांनी हा हिशेब स्वतःच करून पाहावा.

दुसरा मार्ग मजूर म्हणून मिळणाऱ्या भरपाईचा आहे आणि तो आपल्या लोकांना फारसा ठाऊक नाही. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या अनुसूचीत ट्रॅक्टरने होणाऱ्या शेतीच्या कामावरचा मजूर स्पष्टपणे धरलेला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने घेतली आहे. कामावर जाताना किंवा कामावरून परतताना झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध असेल तर, कामावरचाच अपघात मानावा असे या संहितेत लिहिलेले आहे. जुन्या कायद्याखालीही असाच अर्थ लावावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. ते प्रकरण आपल्याच मराठवाड्यातले होते. साखर कारखान्यावरचा एक रखवालदार २००३ मध्ये मोटारसायकलवरून ड्युटीला जाताना वाटेत मेला. उस्मानाबादच्या आयुक्तांनी कुटुंबाला भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. बावीस वर्षे लागली, पण हक्क सिद्ध झाला. फडाकडे निघालेल्या ट्रॉलीतली बाई कामावरच निघालेली असते, हा युक्तिवाद आता प्रत्येक वकिलाने ठामपणे मांडला पाहिजे. मात्र एक लक्षात ठेवावे. मोटार कायद्याखाली किंवा मजूर म्हणून, यापैकी एकाच मार्गाने भरपाई मागता येते. कोणता मार्ग धरायचा ते कागद पाहून आधी ठरवावे.

आता चालकाकडे वळू. तो बहुतेक वेळा आपलाच पोरगा असतो. शाळा सुटलेली, मिसरूड फुटलेले, ट्रॅक्टर हाती आला की राजा झाल्यासारखे वाटते. मालकाला स्वस्त चालक मिळतो. गोदावरीच्या काठी रात्री वाळू ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर कोण बसलेले असते? दिवे बंद, नंबर पुसलेला, पोलिसांची गाडी दिसली की सुसाट. वाळू कोणाच्या बंगल्याला लागते आणि तुरुंगात कोण जाते, हे आम्ही वेगळे सांगायला नको. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि स्टिअरिंगवर बसलेला माणूस पहिला आरोपी होतो.

म्हणून आपल्या तरुणांना आमचे सांगणे आहे की परवाना काढल्याशिवाय ट्रॅक्टर रस्त्यावर घेऊ नका. वय १८ पूर्ण हवे. रिकामे वजन ७,५०० किलोपर्यंत असलेला ट्रॅक्टर हलक्या वाहनाच्या व्याख्येत येतो, म्हणजे त्या परवान्यावर तो चालवता येतो. ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचा परवाना निरुपयोगी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितले. हलक्या वाहनाच्या परवान्यावर त्याच वजनाचे वाहतुकीचे वाहन चालवता येते, हे घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केले. म्हणजे कायदा अवघड नाही, परवाना काढण्याचा आळस तेवढा सोडायला हवा. आणि मालकांनीही ऐकावे. परवाना नसलेल्याच्या हाती वाहन देणे हा मालकाचा स्वतंत्र गुन्हा आहे. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. १६ वर्षांच्या पोराला 'जरा ट्रॉली खाली करून ये' म्हणणाऱ्याने हे कलम भिंतीवर लिहून ठेवावे.

कागदाइतकेच यंत्राचे ज्ञानही हवे. ट्रॅक्टरच्या डाव्या आणि उजव्या चाकाला वेगवेगळे ब्रेक असतात, कारण शेतात जागेवर वळावे लागते. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल कडीने एकत्र जोडलेच पाहिजेत. घाईत एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूला फिरतो आणि उलटतो. गावठी ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलते. अशा वेळी डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारा चालक मरण विकत घेत असतो. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि इंजिनच्या जोरावर गाडी आवरावी. ओढ बसून पुढची चाके उचलू लागली तर भार जास्त झाला किंवा जोडणी चुकली असे समजावे. चढावर दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अशानेच पुढून उठतो. जोडणीची पिन आणि तिचे कुलूप निघण्यापूर्वी रोज पाहावे. मडगार्डवर कोणालाही बसवू नये, मग तो मालकाचा लाडका मुलगा का असेना. खड्ड्यात एक दणका बसला की मडगार्डवरचा माणूस थेट मागच्या मोठ्या चाकाखाली जातो.

रात्रीचा हिशेब तर साधा आहे. ताशी ८० किलोमीटरने येणारी मोटारसायकल सेकंदाला २२ मीटर कापते. पुढे ताशी २० ने चाललेली ट्रॉली सेकंदाला साडेपाच मीटर जाते. दोघांतले अंतर दर सेकंदाला १६ मीटरहून अधिक कमी होते. उसाने झाकलेली, दिवा नसलेली ट्रॉली हेडलाइटच्या उजेडात ५० मीटरवर दिसली तर मोटारसायकलवाल्याच्या हाती तीन सेकंद उरतात. नादुरुस्त होऊन रस्त्यावरच उभी असेल तर दोन सेकंदांच्या आसपास. पैठण रस्त्यावर किंवा सोलापूर-धुळे महामार्गावर रात्री उभी ट्रॉली आणि मागून धडकलेली मोटारसायकल ही बातमी दर हंगामात येते. कंपनीतली रात्रपाळी करून घरी निघालेला तो तरुणही कोणाचा तरी एकुलता कमावता असतो. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी, चालू मागचा दिवा आणि ऊस बाहेर आला असेल तर त्याच्या टोकाला खूण, याला लागतो किती खर्च? बंद पडलेल्या ट्रॉलीच्या मागे दूरवर इशाऱ्याची खूण ठेवावी. रस्त्यावर दगड मांडून ठेवायचे आणि जाताना तिथेच सोडून द्यायचे, ही रीत तर खुनासारखीच आहे.

परिवहन विभाग दरवर्षी हंगामाच्या तोंडावर कारखान्याच्या गेटवर परावर्तक पट्ट्या लावतो आणि फोटो निघतात. पट्ट्या लावल्याच पाहिजेत. पण पट्टीने ट्रॉलीतल्या माणसाला सीट मिळत नाही. आमच्या मागण्या अशा आहेत. कारखान्याने वाहतुकीचा करार करताना ट्रॅक्टर, ट्रॉली, विमा आणि चालकाचा परवाना असे सर्व कागद तपासावेत आणि त्याशिवाय गाडीला नंबर देऊ नये. उसाला गाडी लागते तशी माणसालाही लागते, म्हणून टोळ्यांना गावाहून आणण्याची आणि परत पोचवण्याची सोय प्रवासी वाहनाने करावी. एस.टी. महामंडळाच्या गाड्या लग्नाला भाड्याने मिळतात, मग मजुरांच्या टोळ्यांसाठी कारखान्याने त्या का घेऊ नयेत? दंडाची पावती चालकाच्या हातात न देता मालकाच्या नावाने फाडावी. आणि रस्त्याकडेच्या कठडे नसलेल्या विहिरींची यादी ग्रामपंचायतीने करून त्या बांधून घ्याव्यात. आलेगाव पुन्हा घडू द्यायचे नसेल तर एवढे करणे भाग आहे.

आता आपल्या चळवळीलाही दोन शब्द. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ट्रॅक्टर-ट्रॉलीवर रथ सजतो. १४ जानेवारीला नामविस्तार दिनासाठी विद्यापीठाच्या गेटकडे गावोगावचे लोक मिळेल त्या वाहनाने येतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली आणि पंचवीसहून अधिक लोक मेले. त्यात बहुतेक बाया आणि लेकरे होती. अपघाताला देवस्थान आणि अभिवादन यांतला फरक कळत नाही. म्हणून जयंती समितीने मिरवणुकीच्या ट्रॅक्टरचे कागद आधी पाहावेत, पिऊन कोणाला स्टिअरिंगवर बसू देऊ नये, लेकरांना ट्रॉलीच्या कडेवर बसवू नये आणि बाहेरगावी जाताना वर्गणी काढून बस करावी. राज्य सरकारच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर मिळतात. असे ट्रॅक्टर घेतलेल्या गटांनी तर गावाला धडा घालून द्यावा. त्यांच्या गाडीचा विमा एक दिवसही तुटता कामा नये. काल ट्रॉलीत बसणारा आज मालक झाला, तर त्याने कालच्या मालकासारखे वागू नये.

अपघात झालाच तर काय करायचे, तेही सांगून ठेवतो. आधी माणूस वाचवा. मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये, असे कायद्यात कलमच आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळण्याची योजना लागू आहे. नेमलेल्या दवाखान्यात तिची मागणी करा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींचे नंबर दिसतील असे फोटो काढा, कारण रात्रीतून ट्रॉली बदलते. 'आपसात मिटवून घेऊ' म्हणणाऱ्याच्या कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, तो गेला काय ते विचारा. चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख मागण्याची तरतूद एप्रिल २०२२ पासून आहे. दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले तरी त्या भरवशावर बसू नका. आणि अपघात कोल्हापूरला झाला तरी दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात लावता येतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात देशाचे मजूर मंत्री होते. मजुराची सुरक्षितता मालकाच्या दयेवर न सोडता कायद्यात बसवायची, हे त्यांचे काम होते. तोच धडा आपल्याला ट्रॉलीपाशी गिरवायचा आहे. उद्या सकाळी गाडी दारात येईल तेव्हा एकटी बाई मालकाला कागद विचारू शकणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. तिची मजुरी तुटेल. म्हणून तिच्या वतीने विहारातल्या समितीने, वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी, गावातल्या एखाद्या वकिलाने आज संध्याकाळीच विचारावे: परवाना कोणाकडे आहे, विमा कधीपर्यंत आहे आणि आमची माणसे ट्रॉलीत का बसवता? पाच-पंचवीस घरांनी मिळून विचारले तर मालकाला उत्तर द्यावे लागते. गुंजच्या त्या सात जणींसाठी हे कोणी विचारले नव्हते. पुढच्या हंगामाआधी प्रत्येक वस्तीत ते विचारले गेले पाहिजे.